अठरा तासांचा उजेड

लेस्टरमध्ये मी दोन वर्षं एका दुकानात काम केलं. तिथे ग्राहक खोटं बोलायला यायचे आणि ते ऐकून घ्यायचा मला पगार मिळायचा. दुकान घरातल्या घरात झाडं वाढवण्याच्या सामानाचं होतं: दिवे, टायमर, पंखे, खताच्या बाटल्या, आतून चंदेरी कापड लावलेले कपाटाएवढे तंबू. पाटीवर भलामोठा टोमॅटो रंगवलेला. खराखुरा टोमॅटो लावणारा माणूस मला एकदाच भेटला, तोही लाईट परत करायला आलेला.

बाकी सगळे गांजावाले. दुकानाचा नियम एकच होता आणि तो बॉसने मला पहिल्याच दिवशी सांगितला: गिऱ्हाइकाच्या तोंडून त्या झाडाचं नाव निघालं, की विक्री बंद, दाराकडे बोट दाखवायचं. काय पिकणार हे माहीत असून दिवा विकला, तर विकणाराही अडकतो. म्हणून तिथे कोणालाच काही माहीत नसायचं. हुडीवाले, सूटवाले, एक रिटायर्ड मास्तरीण, सगळे गंभीर चेहऱ्याने आपापल्या 'टोमॅटोंना' किती वॉट लागतील ते विचारायचे. मी त्याहून गंभीर चेहऱ्याने तंबूची लांबी-रुंदी विचारायचे.

मला त्यांचा राग यायचा. मी विदर्भातल्या कृषी महाविद्यालयातून फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली, शेवंतीच्या फुलोऱ्यावर प्रोजेक्ट केलेली बाई. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि माझी ती डिग्री कोणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. ती उपयोगी पडली फक्त या ढोंग्यांना. त्यांना वॉटचं वेड. पानं पिवळी पडली, वॉट वाढवा. फूल येईना, वॉट वाढवा. मी घसा कोरडा करून सांगायचे, की फूल वॉटवर नाही, तासांवर येतं. दिवसाचे अठरा तास उजेड दिला, की झाडाला वाटतं उन्हाळा आहे आणि ते नुसती पानं काढत बसतं. तेच तास बारावर आणले, की रात्र मोठी झाल्याचं त्याला कळतं आणि मग ते फुलावर येतं. शेवंतीचंही तसंच असतं. ते मान डोलवायचे आणि आठवड्याने पुन्हा मोठा दिवा मागायला यायचे.

इथल्या मराठी मंडळात माझी नोकरी लपून राहिली नाही. आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरावर एका काकूंची सत्ता होती. चाळीस वर्षांपूर्वी लेस्टरला आलेल्या. भाजीत मीठ किती हे त्याच ठरवायच्या. गणपतीत आम्ही सात-आठ जणी हॉलच्या किचनमध्ये मोदकांना बसलो होतो. मी उकड मळायला घेतली तशी काकूंनी माझ्यासमोरून परात उचलली.

"तू राहू दे गं," त्या म्हणाल्या. "दिवसभर कशाकशाला हात लावतेस, देवाला ठाऊक. नैवेद्य आहे हा."

एकजण हसली. मी हात धुतले, नवऱ्याला आरतीतून बाहेर बोलावलं आणि घरी आले. त्यानंतर मंडळात पाऊल टाकलं नाही. तो अपमान मी रोज उगाळायचे, भांडी घासताना, बसमध्ये, काउंटरवर. मनातल्या मनात काकूंना इतकं सुनावलं आहे, की त्यातलं निम्मं जरी त्यांना ऐकू गेलं असतं तरी त्या पुन्हा माझ्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नसत्या.

पुढच्या मार्चमध्ये काका दुकानात आले, काकूंचे यजमान. स्वेटरवर कोट, हातात टोपी. काउंटरशी आले आणि सरळ मराठीत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, घरी गांजाचं झाड लावायचं तर किती वॉटचा दिवा लागतो?"

मी ताडकन उभी राहिले. काकांनी सांगितलं ते असं: काकूंना कॅन्सर, किमो चालू, पोटात काही टिकत नाही. कोणीतरी सांगितलेलं, की ह्याने मळमळ थांबते आणि दोन घास जातात. बी मिळालं होतं. इंटरनेटवर शोधायला काकू देत नव्हत्या, तिथे म्हणे रेकॉर्ड राहतो. "तू आपली आहेस, तुला सगळं माहीत असेल," काका म्हणाले.

"आपली" ऐकलं आणि माझा पारा चढला. इंग्रजीत, बॉसला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "सर, वी कान्ट सर्व्ह यू." मग मराठीत म्हणाले, "काका, आमचा आयएलआरचा, इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांवर आलाय. असलं बोलून मला गोत्यात आणू नका. इथे फक्त टोमॅटोंचं बोलायचं." काका टोपी घालून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आठवड्याने काकू स्वतः आल्या. डोक्याला स्कार्फ, गालांची हाडं वर आलेली. काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टोमॅटो लावायचेत. बॉक्स रूममध्ये, त्या अडगळीच्या छोट्या खोलीत. एकच झाड."

नियमाने आता मला काही माहीत नव्हतं. मी छोटा तंबू आणि त्याला पुरेल असा दिवा काढला. चांगला होता, त्यात मी फसवलं नाही. टायमर काढला, स्वतःच्या हाताने अठरा तासांवर लावला. सकाळी सहाला चालू, रात्री बाराला बंद.

"एवढंच?" काकूंनी विचारलं. "मग आपोआप येतं?"

"एवढंच," मी म्हणाले. "आणि टायमरला अजिबात हात लावू नका."

जे हुडीवाल्या पोरांना न विचारता सांगायचे, ते त्यांना सांगितलं नाही. घरी जाताना मी स्वतःला बजावत होते, की व्हिसा सांभाळायला हवा, उगाच जास्त बोलून कशाला अडकायचं.

जुलैमध्ये काका पुन्हा आले. आता तेही शहाणे झाले होते. शब्द न उच्चारता त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. झाड तंबूच्या छताला टेकलेलं, हिरवंगार, पानांनी गच्च. फूल एक नाही, आणि औषध असतं ते फुलातच.

"हिला काही जात नाही गं," काका म्हणाले. "रोज उठून त्या झाडाशी जाऊन बघते. दिवा कमी पडतोय का? मोठा देतेस?"

बॉस शेजारीच होता. मी मोठा दिवा काढला. आधीच्यापेक्षा दुप्पट वॉटचा. खोका जड होता, काकांना उचलवेना, म्हणून मी तो उचलून त्यांच्या गाडीपर्यंत नेला.

गाडीत काकू बसल्या होत्या. भर जुलैत अंगावर ब्लँकेट. त्यांनी काच खाली केली आणि माझा हात धरला. हाताला काही वजनच नव्हतं.

"तेव्हा परात ओढून घेतली मी तुझ्यासमोरून," त्या म्हणाल्या. "फार लागलं असेल तुला. पण तू मनात ठेवलं नाहीस हो. दुसरी कोणी असती तर दारात उभं केलं नसतं."

बॉस आत होता. फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं, आणि असतं तरी मराठी कोणाला कळणार होतं? व्हिसाला कसलाही धक्का लागणार नव्हता. तास बारा करा, एवढंच म्हणायचं होतं.

"काळजी घ्या, काकू," मी म्हणाले. हात सोडवून घेतला, मागे गेले, खोका डिकीत ठेवला आणि डिकी लावली.