नदीकाठचे अकरा दगड

चंची सोडा, पान लावा, मग सांगतो. आपणच आपली शोभा कशी करून घेतली, ही गोष्ट काही घाईने सांगायची नसते.

माझ्या लेकीला, कृष्णाला, धायरीचं स्थळ आलं होतं. धायरी म्हणजे बायकोचं माहेर. ती चार दिवस आधीच तिकडे गेली होती, पाहुण्यांच्याच गाडीतून परतणार होती. कृष्णा सदाशिव पेठेत मावशीकडे, चांगलं लुगडं मागायला. घरात मी एकटा.

जाताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, दारापर्यंतची वाट तेवढी नीट करा. आपले बैलसुद्धा तिथे नाक मुरडतात."

खोटं कसं म्हणू? तीस वर्षं माझीच गाडी त्या वाटेवरून गेलेली. चाकोऱ्या गुडघाभर, अंगण सगळं उखणलेलं. पाथरवटाला फरशीचा भाव विचारला. त्याने सांगितला. मी रामराम करून घरी आलो.

मग स्वस्तात जे जमेल ते केलं. चाकोऱ्यांत फुटकी कौलं भरली, वर मुरूम टाकून ठोकला. अंगण सारवलं, कडेने गेरूचा पट्टा ओढला. सारवणं पुरुषाचं काम नव्हे, हे सारवून झाल्यावर कळलं. पण दारासमोर फरशी हवीच होती.

भर दुपारी बैलांना पाणी पाजायला नदीवर गेलो, तर काठाला ओळीने अकरा दगड. चपटे, पाटासारखे गुळगुळीत. आसपास चिटपाखरू नाही. शनिवार पेठेत दुपारी जागं कोण असतं? म्हटलं, नदीनेच घासून ठेवलेत माझ्यासाठी. गाडीत घातले आणि अंधार पडायच्या आत अंगणात ठोकून बसवले. काय दिसत होतं म्हणून सांगू!

सकाळी दार उघडलं आणि जागीच थिजलो. पेठेतल्या दहा बायका, डोक्यावर धुण्याची गाठोडी. गाडीच्या चाकांचा माग काढत आल्या होत्या.

मी पहाटे गाडी जुंपणारा माणूस. धोतर दोरीवर वाळलेलं मिळतं, एवढंच मला ठाऊक. ते कशावर धुतात, हे कधी विचारलंच नव्हतं.

पुढे शेजारच्या गंगाकाकू. "आमचे दगड छान बसवलेत हो. आता उपटा."

"काकू, आज पाहुणे येणार आहेत. उद्या नेऊन ठेवतो."

"उद्यापर्यंत आमच्या घरचे पुरुष काय नेसणार?" त्यांनी बायकांकडे पाहिलं. "बसा गं. दगड नदीवर येत नाहीत, तर आपणच दगडांकडे आलो."

माझ्याच आडाचं पाणी काढून त्या धुवायला बसल्या. सारवण गेलं. मुरूम वाहिला, वाटेचा चिखल झाला. गेरू विरघळला आणि दहा घरची धोतरं लाल झाली. तेवढ्यात कृष्णा आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली. तिने मागून आणलेलं लुगडं वर खोचलं आणि लोकांची धोतरं पिळायला बसली. आता हे स्थळ कसलं जमतंय?

आणि धायरीची गाडी आली. वाटेतच रुतली. मुलाचे वडील उतरले ते पोटरीपर्यंत चिखलात. मागून बायको उतरली. सगळं बघितलं, कडेच्या रिकाम्या दगडाकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "अहो, तो माझा आहे."

मुलाची आई मात्र गाडीतूनच बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "त्या लाल धोतरांपाशी बसलीया, ती कोन?"

"आमची कृष्णा," मी कसंबसं म्हणालो.

"बापानं घान केली, पोरगी धुतीया. पसंत हाय आमाला."

माझे डोळे भरून आले. हात जोडले, तर तिने मला थांबवलं.

"पन व्याही, एक सांगून ठेवते. लेकीकडं याल तवा गाडी वेशीभाईर सोडायची. आमच्या वढ्याला चारच दगड हायती."

लग्नाला पंधरा वर्षं झाली. लेकीच्या गावात मी अजून पायीच शिरतो. आणि निघताना विहीणबाई वेशीपर्यंत पोचवायला येतात. लोकांना वाटतं, केवढा मान.