मामांची कुत्री

फरशी पुसताना मला वाटलं, हळदीचं पाणी सांडलंय. वास आला तेव्हा कळलं, कुत्रीनं घरात लघवी केली होती. बारा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

ती माझी नव्हतीच. माझे सासरे, म्हणजे मामा, सूतगिरणीतून निवृत्त झाले त्या वर्षी वळसंगच्या आमच्या शेतावरून तिला पिशवीत घालून घेऊन आले. मला कुत्र्यांची भीती वाटायची. तिला खायला घालणं, फिरवणं, सगळं मामाच करायचे. मग न्हाणीत पडून मामांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते बाहेरच्या खोलीतल्या कॉटला खिळले. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. मी शिक्षिका. सकाळच्या शाळेला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायची, कारण आतून कडी लावायला मामांना उठता येत नव्हतं. साडेबारापर्यंत ती दोघं आत.

रिक्षानं तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिचा ओठ वर करून हिरडी दाखवली. "ताई, बघा, पिवळी पडलीय. डोळेही तसेच." रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली.

"मोतीबिंदू, सांधेदुखी, हे वयाप्रमाणं चालायचंच," डॉक्टर म्हणाले, "पण लिव्हर पार आकसलंय. पोटात पाणी व्हायला लागलंय."

"बरी होईल का?"

"बरी नाही होणार. आहेत ते दिवस जरा सोपे करता येतील."

सोपे तिच्यासाठी. माझा दिवस पाचला सुरू व्हायला लागला. मीठ बंद, म्हणून तिचा मऊ भात आणि उकडलेलं अंडं वेगळं. कडक भाकरीवर वाढलेली ती, भाताला तोंड लावायची नाही. मी बोटानं भरवायची. मग पातळ औषध, गोळ्या, तिच्याखालची पोती धुणं. तोवर मामांचं अंग पुसायची वेळ व्हायची. मामा गोळी घ्यायला तयार नसत. "आदी तिला दे," म्हणायचे, "मग मला."

भाचीच्या लग्नाला बार्शीला गेले तर जेवल्याबरोबर परतीची बस धरली. "कुत्र्यासाठी चाललीस?" बहीण हसली. मी म्हटलं, "सासऱ्यांसाठी." तेही अर्धंच खरं होतं.

एप्रिलमध्ये तिला भान राहीना. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत शिरायची आणि भिंतीला डोकं टेकवून तशीच उभी राहायची. मागं सरायचं असतं, हेच तिला सुचत नव्हतं. मी ओढून काढायची, ती पुन्हा तिथंच जायची. लिव्हरचं विष डोक्यात जातं म्हणून असं होतं, डॉक्टर म्हणाले. आणि हळूच म्हणाले, "आता इंजेक्शन देऊन सोडवावं तिला. घरी विचारून या."

मी मामांना विचारलं.

"तू ठरीव की," ते म्हणाले. "तूच बगतीस तिचं."

"पण मामा, कुत्री तुमची आहे."

"म्या हितनं उटून तिच्यापातुर जाऊ तरी शकतो का?" त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

मी काहीच केलं नाही. हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायची ताकद नव्हती. रोज औषध पाजताना मनात यायचं, हिनं आपली आपण जावं. त्याच हातानं मी तिचं तोंड पुसायची.

एका गुरुवारी शाळेतून आले तर शेजारीण आमच्या खिडकीशी उभी. "मामा कवाधरनं हाका मारत हुते हो. कुलूप हुतं, आमी काय करणार?"

कॉटपासून दोन हातांवर ती पडली होती. सांदीतून आपली आपण बाहेर आली होती. मामांचा हात खाली लोंबत होता, पण तिथवर पोचत नव्हता.

"नवाच्या सुमाराला गेली," मामा म्हणाले. "मी बोलत हुतो तिच्यासंगं. ऐकू येत हुतं का न्हाय, काय ठावं."

मी तिला उचलून त्यांच्या शेजारी कॉटवर ठेवलं. त्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला.

"लई जड झालीया की."

"पोटातलं पाणी आहे, मामा."

"व्हय," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. मला रडू आलं नाही.

फोन केल्यावर संध्याकाळी नवरा पुण्याहून आला. त्यानं तिला वळसंगच्या शेतात पुरलं. जागा कुठली, ते मामांनी त्याला तीनदा विचारलं.

मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. रविवारी नवऱ्याला मामांजवळ बसवून मी एकटीच बाहेर पडले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. तळ्याकाठच्या बागेत बाकावर अर्धा तास बसले. ऊन चढलं तशी उठले, दुकानातून मामांसाठी डायपरचं पाकीट घेतलं आणि घरी आले.