लांबवलेली शीर

पोलिओच्या तापातून उठले तेव्हा मी चार वर्षांची होते. उजवी पोटरी बारीक झाली आणि टाच वर ओढली गेली ती खाली येईचना. पुढची सहा वर्षं मी त्या पायाने चवड्यावरच चालले. कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या घरात यावर प्रत्येकाचं मत होतं, उपाय कोणाकडेच नव्हता.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण आमच्याकडेच राहायची. अत्याच्या मते डॉक्टर म्हणजे कसाई. तिने एक गावठी वैद्य आणला. दोन वर्षं तो रोज सकाळी उग्र वासाचं तेल चोळून माझा पाय पिळायचा. मी किंचाळले की अत्या समाधानाने म्हणायची, "गुण येतोय." कसला गुण! अण्णा पेपरमागून म्हणायचे, "बघू आणखी स्वल्प दिवस." सबंध आयुष्यात त्या माणसाने बघण्यापलीकडे काही केलं नाही.

शेवटी आईच मला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. साठीच्या दशकाची सुरुवात होती. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. मग कागदाची पट्टी घेतली, वर एका बाजूने अर्धी कापली, खाली दुसऱ्या बाजूने अर्धी, मधे उभी चिरली आणि दोन्ही भाग एकमेकांवरून सरकवले. पट्टी लांब झाली.

"टाचेमागची शीर आखडलीय. ती अशी लांबवायची आणि शिवायची," ते कन्नडमध्ये म्हणाले. "लंगडणं पूर्ण जाणार नाही. पण टाच टेकेल."

सहा वर्षांत आमच्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस.

घरी अत्याने आकांत मांडला. "शीर कापली तर पाय वाळून जाईल. उद्या हिला करून कोण घेईल?"

"आत्ता तरी कोण रांगेत उभं आहे?" आई म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णांचं नेमकं पोट दुखलं. इस्पितळातला कारकून वडिलांचीच सही मागत बसला. आईने त्याच्या पुढ्यातला कागद ओढला, मराठीत सही ठोकली आणि म्हणाली, "जन्म मी दिलाय. सरी? ठीक आहे ना?"

दीड महिना गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. अत्या रोज खाटेपाशी येऊन माझी बोटं हुंगायची, सडली का ते बघायला. सडली नाहीत. तिची निराशा लपत नव्हती.

प्लास्टर काढल्यावर आईचा खांदा धरून मी उभी राहिले. टाचेखाली फरशी लागली, गार आणि खरखरीत. मागे पडतेय असंच वाटलं. आई वाकून टाचेखाली बोट जातं का ते बघत राहिली. गेलं नाही.

काही महिन्यांनी पाहुणे आले. अण्णांनी मला बैठकीत बोलावून चालून दाखवायला लावलं. "आम्ही वेळेवर ऑपरेशन करून घेतलं," ते कॉफी निववत म्हणाले. "लोक उगीच घाबरतात."

मी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वेळी न थांबता सरळ आत आईकडे निघून गेले. अण्णा मागून हाका मारत राहिले.