आमचे साडू मास्तर होतात

समोरचा माणूस जागा असेल आणि त्याचा एक तरी कान धड असेल, तर त्याला जगातली कुठलीही गोष्ट समजावून देता येते, यावर आमच्या साडूंची जितकी श्रद्धा आहे तितकी देवावरही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे सांगलीचे. जर्मनीत आखनला येऊन शिकले आणि मग र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या ब्रेकवर काम करत स्थिरावले. उभी हयात गाड्या थांबवण्यात गेलेल्या या माणसाला स्वतःला मात्र ब्रेक नव्हता. आम्ही राहतो त्यांच्या समोरच्याच इमारतीत, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगतोय.

एकदा एका मित्राकडे बारसं होतं. दाराच्या चौकटीला दोऱ्या बांधून पाळणा टांगलेला, बायका पाळणा म्हणायच्या तयारीत. साडूंनी शेजारच्या गृहस्थांना सहज विचारलं, "दोरी लांब केली तर पाळणा सावकाश हलेल की जोरात?" गृहस्थ बिचारे म्हणाले, "जोरात." झालं! बाळाला उचलून आत्याच्या हातात देण्यात आलं, दोऱ्या सोडून लांब केल्या गेल्या, मग आखूड केल्या गेल्या, पुरुषमंडळी मनगटावरची घड्याळं बघत गोल उभी राहिली. बाळाचं नाव काय ठेवलं ते निम्म्या पाहुण्यांना घरी गेल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, फ्रँकफर्टला जाताना वळणावर चाकं किंचाळली आणि नेमका त्याच वेळी तिकीट तपासनीस आला. साडूंनी तिकीट दाखवलं आणि म्हणाले, "हा आवाज कशाचा, ठाऊक आहे?" तपासनीस सभ्यपणे 'नाइन', म्हणजे नाही, म्हणाला, तिथेच फसला. फ्रँकफर्ट येईपर्यंत तो साडूंच्या शेजारी बसून मान डोलवत होता, आणि डब्यातली बिनतिकिटाची पोरं साडूंकडे अपार कृतज्ञतेने बघत होती.

घरात त्यांना आवरण्यात त्यांची मुलगी तेवढी वाकबगार. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. गृहपाठात अडलं की आधी ती हात वर करून बजावायची, "बाबा, कुर्त्स, बिट्टे!" म्हणजे थोडक्यात सांगा. नुसतं हो किंवा नाही म्हणा. यावर साडू दुखावले जाऊन म्हणायचे, "अगं, हो किंवा नाही हे उत्तर नसतं, तो निकाल असतो."

तर हे आमचे साडू पंचेचाळिशी उलटल्यावर एका रविवारी जेवताना म्हणाले, "मी नोकरी सोडतोय. मास्तर होणार." मग त्यांनी समजावलं (अर्थात!), की इथे व्यवसाय-शाळांना शिक्षक मिळत नाहीत. मेकॅनिकची आउसबिल्डुंग, म्हणजे कामातून प्रशिक्षण, घेणारी पोरं आठवड्यातले काही दिवस वर्कशॉपमध्ये आणि उरलेले शाळेत असतात, त्यांना शिकवायला इंजिनिअर हवेत. शिक्षकाची पदवी नसली तरी चालते. याला क्वेअरआइनश्टीग म्हणतात, आडवाटेने शिरणं. दोनेक वर्षं शाळेत उमेदवारी करायची, शेवटी परीक्षकांसमोर तास घेऊन दाखवायचा. जमलं तर पक्के मास्तर.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर काही नाही," साडू म्हणाले. एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. "अहो जावईबापू, लोक मास्तरचे इंजिनिअर होतात. तुम्ही उलटे कुठे निघालात?" माझी बायको भाऊजींची समजूत घालायला म्हणून गेली आणि घर्षणाविषयी बरंच काही शिकून परत आली. मेहुणीबाई मात्र शांत होत्या. दुसऱ्यांदा भात वाढत म्हणाल्या, "जा तुम्ही. इतकी वर्षं हे सगळं मी एकटी ऐकते आहे. आता जरा वाटून घेऊ दे लोकांना."

आम्हाला वाटलं होतं, मासा पाण्यात पडला. पण इथेच गंमत झाली. त्यांच्यावर देखरेख करायला जी शिक्षिका नेमली होती ती वयाने त्यांच्याहून बरीच लहान, करड्या आवाजाची आणि हसायची काटकसर करणारी. साडूंनी पहिला तास असा रंगवला म्हणे, की शेवटी स्वतःच घामाघूम झाले. बाई मागच्या बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "हेर कोलेगे," (म्हणजे सहकारी महाशय) "फार सुंदर भाषण. पण विद्यार्थी कुठे होते?" साडूंना वाटलं बाईंना चष्म्याची गरज आहे. पुढच्या तासानंतरही तेच. तिसऱ्यानंतर बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही इतकं उत्तम समजावता, की त्यांना विचार करायला जागाच उरत नाही. गप्प राहायला शिका, नाहीतर शेवटच्या परीक्षेत तुमचं कठीण आहे."

त्या आठवड्यात साडू खचलेले दिसले. "अरे, मला एवढी एकच गोष्ट येते," मला म्हणाले, "आणि तीच करू नका म्हणतात."

मग तालीम सुरू झाली. त्यासाठी मूर्ख कुणीतरी हवा होता, तो घराजवळच मिळाला. मी सॉफ्टवेअरवाला, पान्याची कुठली बाजू धरायची इथपासून तयारी. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक घासत होता. साडू म्हणाले, "तू दुरुस्त कर. मी बघतो. बोलणार नाही." तोंडात लवंग धरून, हात पाठीमागे बांधून ते तळघरात उभे राहिले. मी पहिलाच स्क्रू उलटा फिरवला. साडूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी ब्रेकचे रबर डावे-उजवे बदलून बसवले. साडूंच्या घशातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला, पण शब्द नाही! मी तार ओढली, चाक जाम. सोडली, चाक मोकाट. शेवटी वैतागून मी जमिनीवर बसलो, चाकाकडे नुसता बघत राहिलो, आणि बघता बघता मला दिसलं, की चाकच तिरकं बसलंय, ब्रेकचा दोषच नाही. मी ओरडलोच. साडूंनी लवंग कचकन चावली आणि मला मिठी मारली. "तुला कळलं! माझ्याशिवाय कळलं रे!" त्यांचे डोळे भरून आले होते. ते लवंगेमुळेही असेल.

परीक्षेच्या दिवशी मेहुणीबाई सकाळपासून खिडकीत होत्या. साडू दुपारी आले, बूट काढले आणि खुर्चीवर बसून राहिले. आम्ही सगळे जमलेलो. मग तेच बोलू लागले. परीक्षक मागे बसलेले. वर्गात त्यांनी ब्रेकची एक जोडणी ठेवली होती, पेडल दाबलं की मऊ लागायचं. 'का?' एवढंच विचारून ते बाजूला झाले. वर्ग चिडीचूप. एका परीक्षकाने घड्याळ पाहिलं. "तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. उत्तर ओठांवर होतं रे माझ्या! पण गिळलं." मग कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी उठली, पेडल पुन्हा पुन्हा दाबलं, आणि म्हणाली, "आत हवा आहे. दाबली जातेय ती हवाच." दुसऱ्याने विचारलं, हवा शिरली कुठून? तिसरा नळी तपासायला धावला. वर्ग जो पेटला तो थांबेना.

"आणि तुम्ही?" मेहुणीबाईंनी विचारलं.

"मी काहीच केलं नाही," साडू म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. "पास झालो."

त्या संध्याकाळी मेहुणीबाईंनी श्रीखंड केलं. करड्या आवाजाच्या बाईही आल्या होत्या. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि चक्क हसल्या.

आता साडू पक्के मास्तर आहेत. बाजारात त्यांचे विद्यार्थी लांबून हाका मारतात. फक्त आमच्यात बसले की हल्ली ते ऐकत असतात. काही विचारलं तर मान तिरकी करून म्हणतात, "तुला काय वाटतं?" मुलगी शिकायला परगावी गेली, त्यामुळे घरही शांत असतं. परवा संध्याकाळी गेलो होतो, निघायला म्हणून कोट चढवला तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि मेहुणीबाई खिडकीच्या काचेवर बोट फिरवत म्हणाल्या, "अहो, ही काच आतूनच का ओली होते हो?"

"तुला काय वाटतं?" साडू म्हणाले.

"मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. सगळं सांगा."

साडूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि सुरुवात केली. मी हळूच कोट परत काढून ठेवला आणि बसलो.