‘येतो’ म्हणून दिलेला राजीनामा

छापखान्यात पुस्तकं बांधण्यात उभी हयात घालवलेल्या बाइंडरकाकांनी नोकरी सोडली की नाही, हे खुद्द त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं.

सोडायची होती, एवढं नक्की. का, ते मात्र सांगता येत नव्हतं. थोरले मालक घरी बसले आणि त्यांच्या मुलानं कारभार हाती घेतला, तेव्हापासून नुसते लाड चालले होते. नवी खुर्ची आली, डोक्यावर पंखा आला, वाढदिवसाला केक आला. महिन्याचा गुणी कामगार म्हणून काकांचा फोटो भिंतीवर चढला, तोही हसरा. तरी रोज सकाळी चपला घालताना पाय जड व्हायचे.

थोरले मालक दिवसातून एकदा टेबलाशी येत, नुकतं बांधलेलं पुस्तक उचलत, पाठीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, “हं.” बस्स. त्या ‘हं’वर काकांचा दिवस निघायचा. पण ‘हं’ मिळत नाही म्हणून नोकरी सोडतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

अखेर काल ते केबिनमध्ये गेले. धाकट्या मालकांनी बसवलं, चहा पाजला, काही त्रास आहे का म्हणून विचारलं. काका पंख्याबद्दल चांगलं बोलले, खुर्चीबद्दल त्याहून चांगलं बोलले, आणि उठताना सगळा धीर गोळा करून म्हणाले, “मग, येतो मी.”

“या काका,” धाकटे म्हणाले.

घरी काकूंनी विचारलं, “सांगितलंत का?”

“सांगितलं की. येतो म्हणालो.”

“अहो, येतो म्हणालात, मग जावं लागेल ना उद्या.”

“मग काय, जातो म्हणू? असं अभद्र कोणी बोलतं का?”

सकाळी काकूंनी नेहमीसारखा डबा भरून दिला.

काका गेले, खळीत ब्रश बुडवला, तोच धाकटे मालक मोबाइल कानाला लावून आले. बोलता बोलता टेबलाशी थबकले, एक पुस्तक उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला.

“हं,” म्हणाले, आणि तसेच पुढे गेले.

काकांचा ब्रश हवेतच राहिला. हा ‘हं’ पुस्तकाला, की फोनवरच्या माणसाला? विचारायला जावं, तर विचारायचं तरी काय?

मग उठून त्यांनी बांधलेल्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी वाटेच्या बाजूला वळवून ठेवल्या. उद्या फोन नसताना काय म्हणतात, ते तरी बघू.