सासूबाईंची सशाची शाल

माझ्या संसारात एक वर्ष असं गेलं, की घरात माझ्या आधी सशांची वेणीफणी होत असे.

आम्ही तेव्हा ठाण्याला तळ्याच्या बाजूला राहत होतो. हे कचेरीत कारकून होते. ह्यांच्या साहेबाच्या मडमेला बिनकामाचं बसवत नसे, म्हणून ती दर बुधवारी कारकुनांच्या बायकांना बोलावून सुयांवरचं विणकाम शिकवायची. मला ते चटकन जमलं. (तिथेच घात झाला!) साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेनं निरोपाचं म्हणून माझ्या हाती एक पिंजरा दिला. आत दोन पांढरे गोळे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता कापूस. ते विलायती ससे होते. त्यांचे केस विंचरायचे, टकळीवर कातायचे आणि विणायचे, असं तिनं खाणाखुणा करून सांगितलं. एकीचं नाव लूसी, दुसरीचं डेझी. दोघी बहिणी, असंही तिनं सांगितलं.

मी पिंजरा घेऊन दारात उभी राहिले, तशी सासूबाई ओरडल्या, "तिथंच थांब! काय आहे ते?"

"ससे आहेत, सासूबाई."

"ते दिसतंय. घरात कशाला?"

"साहेबांच्या मडमेनं दिलेत."

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आढ्याकडे पाहिलं. "आई, साहेबानं दिलेली वस्तू परत कशी करायची? नोकरीचा प्रश्न आहे."

नोकरीचा प्रश्न आला, म्हणून ससे घरात आले.

विलायतेत थंडी, आणि ठाण्यात काय असतं ते ठाण्यात राहणाऱ्यालाच ठाऊक! चैत्र उजाडला तशा लूसी नि डेझी पाय ताणून पडल्या आणि धापा टाकू लागल्या. घरातली थंडगार जागा एकच, पाण्याच्या माठांजवळची. आणि ती सासूबाईंची! मी हळूच पिंजरा तिथे सरकवला. सासूबाईंनी तो पायानं परत सरकवला. महिनाभर पिंजरा दिवसातून चार वेळा माजघर ओलांडत होता.

केस तर घरभर! विंचरायला बसलं की अर्धे माझ्या मांडीवर आणि अर्धे हवेत. वरणात केस, तुपात केस, ह्यांच्या काळ्या कोटावर केस. कचेरीत कोणी तरी ह्यांना विचारलं, "रावसाहेब, कापसाचा धंदा काढलात काय?" भाजी घेऊन येणारी आगरीण तर ओट्यावर टोपली टेकून रोज चौकशी करायची, "काय गो बाय, कवा कापताव यांना?"

"शिव शिव शिव!" सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. मग मेथीच्या दोन जुड्या जास्त घ्यायच्या. का, ते मी विचारलं नाही. माठांजवळच्या पिंजऱ्यात मेथीच्या काड्या मात्र मला रोज सापडत.

पावसाळ्यात आणखी एक उलगडा झाला. लूसीला सहा पिल्लं झाली. म्हणजे डेझी ही बाई नव्हती, बुवा होता!

"बहिणी म्हणे!" सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर त्यांनी डेझीपुढे पदर सावरून वावर केला.

आता आठ ससे, मी एकटी आणि फणी एक. लोकर इतकी साठली, की उशीत भरावी की काय असं मला वाटू लागलं. तेव्हा मला ती कल्पना सुचली. माघात कल्याणला वन्संच्या मुलाची मुंज होती. (वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण.) सासूबाई मुलाची आजी, सोवळ्यात मिरवणार. लोकर तर सोवळ्यात चालते! म्हटलं, त्यांना शाल विणून द्यावी, म्हणजे सशांचाही उद्धार होईल आणि माझाही.

"मेंढीची चालते. सशाची?" सासूबाईंनी शंका काढली.

भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, "सशाला प्रत्यक्ष चंद्रानं मांडीवर घेतलाय. तुम्ही खांद्यावर घ्यायला हरकत काय?"

झालं! सासूबाईंची मर्जी फिरली. मी सकाळी कातायची, दुपारी विणायची, संध्याकाळी डोळ्यांतून केस काढायची. शाल खरंच सुरेख झाली. सायीसारखी! सासूबाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि लगेच ह्यांच्याकडून कल्याणला विहीणबाईंना, म्हणजे वन्संच्या सासूला, पत्र धाडलं, "मुंजीला येताना सुनेनं घरी कातून विणलेली शाल पांघरून येत आहे. अशी तुमच्या कल्याणात दृष्टीस पडणार नाही."

म्हणजे आता माझी अब्रू, सासूबाईंची अब्रू आणि सगळ्या ठाण्याची अब्रू त्या एका शालीत गुंडाळलेली!

आगगाडीत कोणाकोणाचा विटाळ होतो, म्हणून सासूबाईंनी मचव्यातून खाडीनं जायचं ठरवलं. मचव्यात आम्ही, मीठ आणि सुक्या बोंबलांच्या चार पाट्या होतो. भरतीचा एक हेलकावा आला, आणि शालीचं गाठोडं माझ्या हातातून निसटून थेट मचव्याच्या तळच्या पाण्यात! मी झडप घालून उचललं. वरून एक बोंबील पडला.

मी कोणाला काही बोलले नाही. कल्याणला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, मुंजीच्या पहाटे, मी मागच्या विहिरीवर गेले. तिथे मोठ्या हंड्यात पाणी खळखळत होतं. शाल त्यात बुडवली, रिठे टाकले, काठीनं ढवळली, दगडावर आपटली, पुन्हा बुडवली, पुन्हा आपटली. बोंबील गेला पाहिजे, एवढंच डोक्यात!

बोंबील गेला. पण हातातली शाल दर आपटण्याला लहान होत गेली. आधी उपरण्याएवढी, मग पंचाएवढी, मग... मी पिळून झटकली, तर हातात तळहाताएवढं जाड, घट्ट, घोंगडीच्या तुकड्यासारखं काही तरी!

आणि त्या क्षणी मला मडम आठवली. दर बुधवारी ती लोकर दाखवून म्हणायची, "थंडा पानी! थंडा पानी!" आणि मी दर बुधवारी तिच्या पट्टेवाल्याला हाक मारून तिच्यासाठी प्यायला पाणी मागवायची.

"सूनबाई, शाल आण गं!" आतून हाक आली. सासूबाई आंघोळ करून, मुकटा नेसून तयार.

"आणते!" म्हटलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

"सूनबाई!"

"वाळतेय अजून!"

"वाळतेय? लोकर धुतलीस कशाला?"

बाहेर चौघडा सुरू झाला. हे धावत आले. "अगं, मुहूर्त जवळ आला. आई म्हणते, शालीशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. शाल कुठाय?"

मी तळहात उघडून दाखवला.

"हे काय?"

"शाल."

ह्यांनी तो तुकडा उलटा केला, सुलटा केला. "बाकीची कुठाय?"

"एवढीच उरलीय."

माझे डोळे भरून आले. वर्षभर केस खाल्ले होते मी! तेवढ्यात विहीणबाई सोवळ्यात आत आल्या. चुलीवर पाक उतू जात होता. "अगं बाई, सांडशी कुठं गेली?" असं म्हणत त्यांनी ह्यांच्या हातातला तुकडाच ओढून घेतला आणि कढत पातेलं धरून खाली उतरवलं. मग थांबल्या. हाताकडे बघितलं. पुन्हा पातेलं धरून बघितलं.

"मुळीच भाजत नाही गं! कशाचं केलंस?"

"लो... लोकरीचं."

"म्हणजे सोवळ्यातही चालेल!" विहीणबाईंचा चेहरा असा उजळला, की आमच्या सासूबाईंशी संबंध जुळल्यापासून तसा कोणी पाहिला नव्हता. त्या तडक सासूबाईंच्या दारात गेल्या. "विहीणबाई, सून फार हुशार हो तुमची! चाळीस वर्षं सोवळ्यात हात भाजून घेतेय, पण हे कुणाला सुचलं नाही!"

सासूबाई दारात आल्या. त्यांनी तुकडा पाहिला. मला पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"हो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच करायला सांगितलं तिला. शाल काय, कोणीही विणतं."

आणि शालीशिवायच खोलीबाहेर पडून त्या ताठ मानेनं बहुल्याकडे चालू लागल्या. जाता जाता माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मुंज लागेपर्यंत तो हुळहुळत होता.

निघताना विहीणबाईंनी आणखी चार तुकड्यांची मागणी नोंदवली. घरी येऊन मी लगेच कामाला लागले. एक शाल कातली, विणली, उकळली, आपटली. मग दुसरी. नुसती पिंजलेली लोकरच गरम पाण्यात बडवली असती तरी हेच झालं असतं, आधी कातायची आणि विणायची काहीएक गरज नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी तिसरी शाल आपटत होते!