ऑफिसचं मंगळसूत्र

टीम हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं.

स्वानंदी माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. पुण्याहून नोएडाला नोकरीला आली, पीजीत राहायला लागली, आणि स्थिरावते न स्थिरावते तोच कंपनीने माणसं कमी केली. हात हलवत पुण्याला परत जायची तिला लाज वाटत होती. कुणीतरी सांगितलं, रिअल इस्टेटमध्ये ये. एकटीने सुरुवात करायची तर ओळखीपाळखी लागतात, त्यापेक्षा एखाद्या टीममध्ये शीर, शिकता शिकता कमावशील. ती गेली. टीम लीडर अंकुर सर. पगार नाही, फक्त कमिशन.

"आत्या, सगळे इतके सपोर्टिव्ह आहेत ना! एकदम फॅमिलीसारखे," ती मला फोनवर म्हणाली.

त्या फॅमिलीची रीत मला फार उशिरा कळली. नव्या माणसाला स्वतःचं गिऱ्हाईक मिळत नाही. आधी त्याने टीमसाठी 'बसायचं'. म्हणजे खरं गिऱ्हाईक साइटवर आलं की विक्रीच्या हॉलमध्ये खोटं गिऱ्हाईक बनून बसायचं, चहा प्यायचा आणि सहज बोलता बोलता सांगायचं, आम्ही तर कालच फ्लॅट बुक केला. याला म्हणे ट्रेनिंग! स्वानंदी मराठी, म्हणून तिच्या वाट्याला मराठी गिऱ्हाइकं. दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये जन्म काढलेली माणसं निवृत्त झाली की घर शोधतात, आणि शेजारी कुणी आपलं असेल तर डोळे मिटून विकत घेतात, हे त्या अंकुरने बरोबर हेरलं होतं. त्याने तिला नवरासुद्धा दिला. रोहतकचा चिराग, टीममधलाच. आणि मंगळसूत्र दिलं. मराठी पद्धतीचं, दोन वाट्यांचं हवं म्हणून तिलाच बाजारात निवडायला पाठवलं. ज्या ड्रॉवरमध्ये ते राहायचं, त्यातच पंजाबी गिऱ्हाइकांसाठी लाल चुडाही होता. आपल्या बायका ज्याला जिवापाड जपतात ते यांच्याकडे स्टेपलरशेजारी!

आता कुमुदिनी. पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकत्र शिकवतोय. तिचे यजमान बाळ कानिटकर मंत्रालयातून निवृत्त झाले होते. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायची वेळ आली होती आणि हातात आलेला निवृत्तीचा सगळा पैसा एका घरात घालायचा होता. पुन्हा मिळणार नाही असा पैसा. एका रविवारी दोघं साइटवर जाऊन आली आणि सोमवारी कुमुदिनी शाळेत नुसती फुलून गेली होती. शेजारी साठे म्हणून मराठी जोडपं येतंय, मुलगी गोड आहे, मुलगा दिल्लीत वाढलेला, त्यामुळे मराठीच्या नावाने पूज्य, पण चालायचंच गं, आपली तरी पोरं कुठे धड बोलतात! चिरागचं सगळं सोंग तिने स्वतःच सांभाळून घेतलं होतं.

सहीच्या दिवशी तिने मला सोबत नेलं. मेट्रोत म्हणाली, "अगं प्रभा, मी त्या मुलीला तिथेच कुंकू लावलं आणि म्हटलं, नाव घे. लाजली, पण काय फक्कड घेतलं! सरोजिनीच्या बाजारात भाव करते घासून, चिरागचं नाव घेते साठ्यांची सून."

तो उखाणा माझा होता. माझ्या लेकीच्या, सुखदाच्या लग्नात मी स्वतः जुळवलेला, विक्रांतच्या नावाने, बापटांची सून म्हणून. तेव्हा मांडवात पहिल्या रांगेत बसून हसून हसून लोळली होती ती स्वानंदी. त्याआधी तो कुणी ऐकला नव्हता, नंतर कुणी घेतला नव्हता.

कुमुदिनीला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. वाटलं, आधी डोळ्यांनी बघू. बाळभावोजी समोर चेकबुक असलेली बॅग पोटाशी धरून बसले होते. या माणसाने आयुष्यभर लोकांच्या फायलींतली खोट काढली, आणि स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा एका उखाण्याच्या भरवशावर निघाला होता!

साइटवर दारातल्या गार्डने माझी पिशवी तपासायला घेतली, म्हणून मी मागे राहिले. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. गुळगुळीत हॉल, अंकुर सरांचा सूट, आणि सोफ्यावर चिरागशेजारी माझी भाची, गळ्यात काळे मणी. मी आत शिरले तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. भावोजींनी पेनचं टोपण काढलं होतं.

"थांबा हो जरा," कुमुदिनी म्हणाली. "सही होण्याआधी सवाष्णीची ओटी भरते. शेजारीण आहे माझी." आणि तिने पर्समधून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढली.

स्वानंदीने पदरासारखी ओढणी पुढे केली. कुमुदिनीने तांदूळ मुठीत घेतले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्वानंदीने ओढणी मागे घेतली.

"नको काकू," ती म्हणाली. "माझी ओटी भरू नका. माझं लग्न झालेलं नाही."

अंकुर हसला. "मॅडम, मज़ाक कर रही है."

"मज़ाक नहीं है, सर." तिचा आवाज फाटला होता. "काकू, आम्ही इथे फ्लॅट घेतलेला नाही. मी यांच्याकडे काम करते. नवव्या मजल्यावर तुम्ही आणि आम्ही शेजारी, असं सांगितलं ना तुम्हाला? बाहेरच्या होर्डिंगच्या मागे जाऊन बघा. इमारतीला पाचच मजले आहेत. काम कधीचं बंद पडलंय."

भावोजींनी पेनला टोपण लावलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. कुमुदिनी तांदूळ तसेच मुठीत धरून उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"घराचं सोड," ती म्हणाली. "मी कुंकू लावलं होतं गं तुला."

स्वानंदीने मंगळसूत्र काढलं आणि कुठे ठेवावं हे न कळून हातात धरून उभी राहिली. आणि हा अंकुर, ज्याला त्या क्षणी जमिनीत गडप व्हायला हवं होतं, तो हात पुढे करून म्हणतो कसा, "वो ऑफिस का है. यहीं छोड़ के जाना. संडे को दूसरी पार्टी है."

दूसरी पार्टी! म्हणजे दुसरी कुमुदिनी, दुसरे भावोजी, आणि टीममध्ये नुकतीच आलेली दुसरी कुणाची तरी पोर. मी त्याच्या अंगावर धावूनच जाणार होते. पण कुमुदिनी माझ्या आधी पुढे झाली. तिने ते मंगळसूत्र स्वानंदीच्या हातातून घेतलं, नारळाबरोबर पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"नहीं मिलेगा," ती म्हणाली. "पुलिस बुलानी है तो बुला लो. मैं यहीं बैठी हूँ."

आणि खरोखरच बसली, त्यांच्याच सोफ्यावर, पर्स मांडीवर घेऊन. पोलीस बोलवायची त्यांची काय छाती! शेवटी अंकुरच फोन कानाला लावून आतल्या खोलीत निघून गेला, तेव्हा आम्ही उठलो. ही माझीच भाची, हे कुमुदिनीला सांगून मी स्वानंदीलाही बरोबर घेतलं. येताना मेट्रोत कुमुदिनी स्वानंदीशी एक शब्द बोलली नाही. मी मात्र नोएडापासून स्वानंदीला जी बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. राजीव चौकला दोन जागा रिकाम्या झाल्या. एकीवर कुमुदिनी बसली, दुसरीवर तिने पर्स ठेवून जागा धरली, आणि मला म्हणाली, "पुरे आता प्रभा. बसू दे तिला."